शीतल पार्कातला मांडव

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या अंगाला शीतल पार्क नावाची बावीस बंगल्यांची सोसायटी आहे. नाव ऐकून कुणी गारव्याच्या आशेने तिकडे जाणार असेल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं, शीतल हे बिल्डरच्या बायकोचं नाव. पार्क कशावरून आलं ते देव जाणे, कारण झाड म्हणाल तर गेटवरच्या कुंडीत एक आहे आणि ते प्लॅस्टिकचं आहे. या पार्कात नऊ नंबरच्या बंगल्यात सीताबाई आणि त्यांचे यजमान रामजी गुरुजी राहतात. आता मे महिन्यात त्याला राहणं म्हणायचं की भाजणं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बंगला मुलानं बांधला. घर पाहावं बांधून म्हणतात, महेंद्रनं ते मुंबईत बसून मोबाइलवर पाहत पाहत बांधलं. मंडणगडकडच्या गावात त्यांचं चिऱ्याचं कौलारू घर होतं, पण गुरुजींचं हृदय थकलं, डॉक्टर जवळ हवा, म्हणून म्हातारा-म्हातारी रत्नागिरीला आली. जागेवर एक फणस उभा होता. त्याची पानं पडून पेव्हर ब्लॉक घाण होतील म्हणून आधी तो तोडला. मग पश्चिमेला तोंड करून घर उभं राहिलं, पुढे भिंतभर काच, वर सपाट स्लॅब, आणि बाहेरून तव्याच्या बुडासारखा काळपट रंग. महेंद्र त्याला एलिव्हेशन म्हणायचा.

"एलिव्हेशन म्हणजे काय रे?" सीताबाईंनी एकदा विचारलं.

"आई, घर समोरून दिसतं ना, ते."

"आणि आत बसणाऱ्याचं जे होतं त्याला काय म्हणतात?"

महेंद्रला त्या वेळी नेमकी मीटिंग होती.

गेल्या मे महिन्यात याच घरात गुरुजी बाथरूमच्या दारात कोसळले होते. तीन दिवस इस्पितळात काढले. गुरुजींना अंगातलं पाणी कमी करणाऱ्या गोळ्या चालू, त्यात प्यायचं पाणीही मोजून, आणि घाम तर कोकणातला, पंख्याखाली बसलं तरी थांबत नाही. डॉक्टरांनी सीताबाईंना बाजूला घेऊन साफ सांगितलं होतं, "हृदय आता उकाडा सोसणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवा. परत असं झालं तर मी सांगू शकत नाही." डॉक्टर काय सांगू शकत नव्हते ते सीताबाईंना बरोबर कळलं. वर्षभर त्यांनी दुसरा कसलाच घोर लावून घेतला नाही. यंदाचा मे महिना गुरुजींना जिवंत पार करवायचा, बस.

यंदाचा मे आला तोही सूड घ्यायला आल्यासारखा. महेंद्रनं लगोलग एसी पाठवला. एसी फार शहाणा निघाला. रात्री बारानंतर व्होल्टेज असलं की तो गारेगार चालायचा, आणि दुपारी, जेव्हा त्याची गरज, तेव्हा नुसता हुंकार भरून गप्प बसायचा. तासाभरानं तर लाइटच जायची, म्हणजे त्याच्यावर आळ यायला नको. मग महेंद्रनं नागपूरच्या कुणाचा तरी व्हिडिओ बघून भलाथोरला कूलर पाठवला. नागपूरला हवा कोरडी, तिथं कूलर अमृत. इथं हवेत आधीच समुद्र मिसळलेला. कूलर लावल्यावर खोलीचा हमामखाना झाला, पापड सादळले, आणि गुरुजी म्हणाले, "अगो, हा बंद कर. मला कुणीतरी वाफवतंय असं वाटतंय."

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र उपायांना तोटा नव्हता. सोसायटीचा सेक्रेटरी नितेश रोज सकाळी उष्माघातावरचे मेसेज टाकायचा. बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सावलीत थांबा. सावली कुठे आहे ते मेसेजमध्ये नसायचं. खाली एकवीस बंगल्यांचे एकवीस अंगठे यायचे आणि सगळे आपापल्या स्लॅबखाली घामाघूम होऊन बसायचे.

सीताबाई आपल्या परीनं झटत होत्या. सकाळी नऊलाच काचा लावून पडदे ओढायच्या, सूर्य बुडाला की सगळं सताड उघडायच्या. गच्चीवर त्यांनी स्वतः चुन्याचे दोन हात मारले. दुपारची चूल, म्हणजे गॅस, बंद. कोकम सरबतही डॉक्टरांनी दिलेल्या मापात बसवून द्यायच्या. तरी तीन वाजले की ऊन समोरच्या काचेवर येऊन बसायचं, काच तापायची, काचेमागे पडदा तापायचा, पडद्यामागे गुरुजी. सीताबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाहुण्याला घरात घेऊन मग हाकलता येत नाही, त्याला दारातच अडवायला हवा. गावाला दर उन्हाळ्यात काय करायचो आपण? दारापुढच्या खळ्यात मांडव घालायचो. इतकी साधी गोष्ट, आणि एसी-कूलरच्या नादात विसरून बसलो.

झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळच्या वाडीतून लवूला बोलावलं. लवू साठीचा, नारळाच्या झावळ्यांची झापं विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि आता झापं मागणाराही कुणी नाही. त्यानं बंगला वरून खालपर्यंत न्याहाळला.

"काकी, ह्या असल्या घराला मांडव शोभायचा नाय."

"शोभायला नको. गुरुजींना सावली पडायला हवी."

लवूनं सकाळभरात पोफळीचे खांब रोवले, वर बांबू टाकले, सुंभानं आवळले आणि झापं अंथरली. महेंद्रचं एलिव्हेशन पार झाकून गेलं. चार वाजता सीताबाईंनी काचेला हात लावला. काच कोमट होती. आत गुरुजी चक्क घोरत होते. तो आवाज ऐकून सीताबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

ते सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. पाच वाजता समोरच्या बंगल्यातल्या कमळाताई पदर खोचून आल्या.

"वहिनी, ठरलं आणि आम्हाला पत्ता नाही?"

"काय ठरलं?"

"घ्या. दारात मांडव घातलात आणि मलाच विचारताय."

तेजल, सीताबाईंची धाकटी, एकोणतीस वर्षांची, रत्नागिरीत लॅबमध्ये नोकरीला. तिचं लग्न का होत नाही हा शीतल पार्कातला पाणीपुरवठ्याच्या खालोखालचा प्रश्न होता. सीताबाईंनी परोपरीनं सांगितलं, बाई, लग्न नाही, ऊन आहे, गुरुजींसाठी मांडव घातलाय. कमळाताई सगळं ऐकून गालात हसल्या. उन्हासाठी मांडव घालतात, हे त्यांच्या आजोळी बुरोंडीला त्यांनी पन्नासदा पाहिलेलं, पण सोसायटीत राहायला आल्यावर माणूस आजोळ विसरतो. "नका सांगू," त्या म्हणाल्या, "वेळ आली की कळेलच."

रात्रीपर्यंत लग्न ठरलं होतं. सकाळपर्यंत नवरामुलगा ठरला. चौदा एप्रिलची जयंती तर महिन्यापूर्वी झाली, मग हा मांडव कसला, तेव्हा लग्नच. आणि ज्या अर्थी गुपचूप चाललंय, त्या अर्थी मुलगा जातीबाहेरचा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दुपारी कुणीतरी तो लॅबमधलाच डॉक्टर आहे असंही शोधून काढलं. तेजल विसरलेला डबा न्यायला घरी आली तेव्हा तिचं गेटवर दोघांनी अभिनंदन केलं. ती हेल्मेट न काढताच म्हणाली, "आई, माझा नवरा काय करतो ते जरा ग्रुपवर बघून सांग. मला उशीर होतोय."

तिसऱ्या दिवशी नितेश नियमांची फाइल घेऊन हजर. नितेश वाईट मुलगा नव्हे. फक्त त्याच्या हातात फाइल असली की त्याला माणूस दिसत नाही.

"काकी, तात्पुरता मांडव, नियम चौदा. मंगलकार्य किंवा दुःखद प्रसंग, या दोनच कारणांसाठी. तोही चार दिवस."

"आणि माणूस उकाड्यानं मरत असेल तर?"

नितेशनं खरोखरच फाइल उलगडून पाहिली. "तसा नियम नाही," तो म्हणाला. "तुम्ही लग्न आहे असं लिहून द्या, मी चार दिवस देतो. नाहीतर सभेत ठेवावं लागेल, आणि सभा जूनमध्ये आहे."

"जूनमध्ये पाऊस येतो रे."

"मग तेव्हा प्रश्नच मिटेल."

सीताबाईंना खोटं लिहायचं नव्हतं. तेजलनंच पेन उचललं. "कारण: विवाह" असं लिहून तिनं खाली सही ठोकली. "चार दिवस तर चार दिवस. तेवढे दिवस बाबा झोपतील." गुरुजी खाटेवरून म्हणाले, "नवऱ्यामुलाला म्हणावं, चहा घेऊन जा," आणि कूस बदलून परत झोपले. त्या चार दिवसांत ते गेल्या महिनाभरात जेवले नव्हते इतकं जेवले. दुपारी मांडवात खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे. लाइट गेली की कमळाताईसुद्धा लग्नाची चौकशी करायला म्हणून यायच्या आणि दीड-दीड तास सावलीत बसून चौकशी करायच्या.

पाचव्या दिवशी महेंद्रचा फोन आला.

"आई, काय चाललंय? नितेशनं फोटो पाठवलाय. घर बांधलंय की गोठा? लोक मला फोन करून विचारतात, बहिणीच्या लग्नाला बोलवायला विसरलास का."

"बाबांना बरं वाटतंय रे त्यानं."

"एसी आहे ना? कूलर आहे ना? सोसायटीत राहायचं तर नियम पाळायला नकोत? माझं नाव आहे घरावर, आई. आज काढायला सांग."

घर मुलाचं. त्यानं हौसेनं बांधलं, आपल्यासाठी बांधलं. चाळीस वर्षं गुरुजींच्या बरोबरीनं ज्यांनी गावात कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्या सीताबाईंनी मुलाच्या एका वाक्यासाठी लवूला परत बोलावलं. लवूनं मुकाट्यानं झापं उतरवली, खांब उपटले आणि सगळं मागच्या भिंतीला लावून ठेवलं. नितेशनं ग्रुपवर "सहकार्याबद्दल धन्यवाद" टाकलं. अंगठे एकवीस.

त्यानंतर दोनच दिवसांनी ते झालं. दुपारचे अडीच. लाइट गेलेली. तेजलला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून ती घरात होती, हे नशीब. सीताबाई सरबत घेऊन खोलीत गेल्या तर गुरुजी खाटेवर ताठ बसलेले, डोळे तारवटलेले, आणि हजेरी घेत होते.

"सुरेश शांताराम," गुरुजी म्हणाले. "गैरहजर. विमल गोपाळ. गैरहजर."

"अहो, कुणाला बोलावताय?"

"कुठे गेली सगळी मुलं? शाळेला आग लागली काय?" त्यांनी सीताबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, आपण कुणाच्या पालक?"

सीताबाईंनी त्यांच्या अंगाला हात लावला. अंग तापलेल्या भांड्यासारखं. तेजल धावत आली, तिनं एकशे आठला फोन लावला आणि ओरडली, "सरबत तोंडाला लावू नको, शुद्ध नाही त्यांना, ठसका लागेल. अंग भिजव!" सीताबाईंनी कपाटातली पांढरी चादर ओढली, बादलीत बुचकळली आणि गुरुजींना तिच्यात गुंडाळलं. डोक्यावरून ओला पंचा टाकला. काखेत, मानेला फ्रिजमधल्या बर्फाच्या पिशव्या दिल्या, खाली घरंगळणाऱ्या पिशव्या तेजलनं धरून ठेवल्या. लाइट नाही, पंखा नाही. सीताबाईंनी स्वयंपाकघरातलं सूप आणलं आणि जिवाच्या आकांतानं वारा घालायला लागल्या. सूप हलवता हलवता त्या स्वतःलाच शिव्या देत होत्या. का काढू दिलास गो मांडव? कुणाच्या नावापायी?

रुग्णवाहिका आली. सोबतच्या डॉक्टरांनी चादर पाहिली आणि म्हणाले, "काढू नका, अशीच राहू दे. अजून पाणी मारा." गुरुजींना स्ट्रेचरवरून तसंच नेलं. ओली पांढरी चादर पायापासून गळ्यापर्यंत, तोंडावर पंचा ओघळलेला. मागून सीताबाई, मोकळ्या केसांनी, अनवाणी. समोरच्या खिडकीतून कमळाताईंनी हे पाहिलं. आता पांढऱ्या चादरीचा अर्थ काय, हे काय कुणी कमळाताईंना सांगायला हवं होतं?

इस्पितळात चारेक तास गेले. ताप उतरला. सातच्या सुमाराला गुरुजींनी डोळे उघडले आणि सीताबाईंना म्हणाले, "अगो, तुझे केस का असे?" डॉक्टर म्हणाले, "चादरीत गुंडाळलंत म्हणून हे आहेत. दोन-तीन दिवस ठेवू. पण त्या घरात सावली नसेल तर घरी नेऊन उपयोग नाही, पुन्हा इथंच याल. पुढच्या वेळी याल की नाही तेही माहीत नाही." तेजल तिथंच थांबली. कपडे आणि गोळ्या आणायला सीताबाई रिक्षानं घरी निघाल्या. फोन घरीच चार्जिंगला राहिला होता, आणि घर तसंच उघडं.

गेटमधून वळल्यावर त्यांना वाटलं रिक्षावाला चुकला. नऊ नंबरच्या दारात मांडव होता. चांगला मोठा, लोखंडी खांबांचा, पांढऱ्या कापडाचा. खाली रांगेनं खुर्च्या. कोपऱ्यात गुरुजींचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो, हार घालून, पुढे मेणबत्ती. बायका-माणसं गंभीर चेहऱ्यानं बसलेली, आणि नितेश पांढरा सदरा घालून पाण्याच्या बाटल्या वाटत होता.

सीताबाई उतरल्या तशा कमळाताई हंबरडा फोडून त्यांच्या गळ्यात पडल्या. "वहिनी, देवमाणूस गेला हो."

"कोण गेलं?" सीताबाईंनी विचारलं.

"आपले गुरुजी."

"कुठे गेले? आत्ता तर माझ्याशी बोलले. केस का विस्कटलेत म्हणून विचारत होते."

कमळाताईंचं रडणं मधेच अडकलं. नितेशच्या हातात बाटली तशीच राहिली. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे... आहेत?" त्या आवाजात आनंदापेक्षा अडचण जास्त होती. त्याचा दोष नव्हता म्हणा. त्यानं नुकतंच गुरुजींवर चार शब्द बोलून घेतले होते.

आत फोन ठणाणा वाजत होता. महेंद्र. तो पनवेलच्या पुढे आला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाहिलं तसा निघाला, तू फोन उचलत नाहीस, तेजलचा लागत नाही. सीताबाईंनी त्याला सांगितलं, बाबा आहेत. बराच वेळ पलीकडून नुसते हुंदके आले. मग तो म्हणाला, "आई, मी तो मांडव काढायला लावला."

"हो," सीताबाई म्हणाल्या. नाही रे बाळा, तुझी काय चूक, असं त्या म्हणाल्या असत्या, पण त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. "गाडी सावकाश चालव."

त्यांनी गुरुजींचे दोन सदरे, लेंगा, गोळ्या पिशवीत भरल्या. सदऱ्याची घडी घालता घालता त्या क्षणभर खाटेवर टेकल्या. बाहेर खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. जिवंत माणसाला सावली द्यायला सभा लागते, सभा जूनमध्ये असते. मेलेल्याला तीन तासांत मांडव, खुर्च्या आणि थंड पाणी. कुणी फाइल उघडली नाही, कुणी अर्ज मागितला नाही. त्यांना राग आला, इतका की रडू तिथंच आटलं.

त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या. नितेश मंडपवाल्याला खुणा करत होता, दोन माणसं कापडाच्या दोऱ्या सोडायला लागली होती.

"काकी, माफ करा, गैरसमज झाला," नितेश म्हणाला. "पाच मिनिटांत काढतो सगळं."

"कशाला काढतोस? नियमात बसतंय की."

"नाही, म्हणजे... चौदा नंबरला दुःखद प्रसंग लागतो ना."

सीताबाईंनी मांडवाखालच्या सगळ्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली. त्यांचा आवाज चढला नाही.

"गुरुजी वाचले रे नितेश. शीतल पार्कासाठी ह्याहून दुःखद प्रसंग कुठला पाहिजे तुला? लिही तुझ्या फाइलीत, आणि चार दिवस नाही, पाऊस पडेपर्यंत लिही."

नितेशनं फाइल उघडली नाही. मंडपवाल्याच्या माणसांनी हातातल्या दोऱ्या परत बांधल्या. सीताबाई रिक्षात बसल्या, तेवढ्यात त्यांना आठवलं म्हणून त्यांनी मान बाहेर काढली.

"आणि ते कापड उद्या उतरवा. त्याच्याखाली उकडतं. झापं मागच्या भिंतीला आहेत, लवूला बोलवा."